देवळालीचा ताप : ‘तुमच्या जवळच्या’ जाहिरातीची वंशावळ

१/
देवळाली कॅम्पात राहणाऱ्या तरुणाच्या मोबाइलवर एक जाहिरात अधूनमधून उगवतेच. क्रिकेटचा धावफलक पाहावा, एखादी बातमी उघडावी, मित्राने पाठवलेला विनोद वाचावा, आणि मध्येच एक अनोळखी हसरा चेहरा समोर यावा. खाली मजकूर असा की कोणी तरी ‘एकटी’ आहे, ती ‘जवळच’ आहे आणि ‘तुमची वाट पाहत’ आहे. कधी कधी अंतरही दिलेले असते : दोन किलोमीटर.

२/
लाम रोडवर उभे राहून दोन किलोमीटरचे वर्तुळ काढले तर त्यात काय काय येईल, हे देवळालीकरांना सांगायला नको. तोफखान्याची बंदिस्त हद्द, पारशी-गुजराती कुटुंबांचे जुने बंगले आणि आरोग्यधामे, भगूरकडे जाणारा रस्ता, दारणेच्या अंगाची शेते. जाहिरातीतील मुलीच्या पाठीमागे मात्र निळा समुद्र आणि माडांची रांग असते. पहिल्यांदा पाहणाऱ्यास हसू येते. तीच मुलगी दुसऱ्या आठवड्यात दुसऱ्या नावाने, तेवढ्याच अंतरावर वाट पाहताना दिसली की हसू ओसरते आणि वैताग सुरू होतो. या वैतागाला मराठीत नेमका शब्दप्रयोग आहे : डोक्याला ताप.

३/
योगायोग असा की ‘ताप’ हाच शब्द एकेकाळी देवळालीच्या नावाला चिकटून इंग्रजी भाषेत गेला. त्यामागचे कारणही एकटेपणा आणि वाट पाहणे हेच होते. आजचा धागा त्या तापाविषयी आहे. एकट्या माणसाला सोबतीचे आमिष दाखवण्याचा व्यवहार मोबाइलपेक्षा पुष्कळ जुना आहे आणि त्याच्या इतिहासात देवळालीसारख्या छावणीला एक जागा आहे.

४/
आधी छावणी. १८६५ मध्ये थळ घाटातून रेल्वे वर आली आणि मुंबई बंदर नाशिकच्या पठाराला जोडले गेले. १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला. इंग्लंडहून येणारा गोरा शिपाई मुंबईला उतरून थेट उत्तरेकडच्या उन्हात जाण्याऐवजी घाटमाथ्यावरच्या थंड हवेत थोडे दिवस थांबू लागला. ते थांबण्याचे ठिकाण देवळाली. हिंदुस्थानात येणाऱ्या तुकड्या येथे उतरत आणि नोकरीची मुदत संपवून मायदेशी निघालेले शिपाईही जहाजाची वाट पाहत येथेच मुक्काम करीत. येणाऱ्याच्या मनात उत्सुकता असे. परतणाऱ्याच्या वाट्याला निव्वळ रिकामा वेळ येई.

५/
हा रिकामा वेळ किती असावा? सैन्य वाहून नेणारी जहाजे बारमाही चालत नसत. उन्हाळा आणि पावसाळा टाळून, ढोबळमानाने शरद ऋतूपासून मार्चपर्यंत त्यांचा हंगाम असे. ज्याची मुदत हंगामात संपली तो नशीबवान. ज्याची मुदत शेवटचे जहाज सुटल्यानंतर संपली, त्याला पुढच्या हंगामापर्यंत कित्येक महिने देवळालीतच काढावे लागत. त्याची लढाई संपलेली असे, कवायतही जवळजवळ संपलेली असे. खिशात थोडे पैसे आणि समोर मोकळा दिवस. नोकरी नाही आणि सुटकाही नाही, अशी ही अवस्था.

६/
रॉयल वेल्श फ्युझिलियर्स पलटणीतला फ्रँक रिचर्ड्स विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हिंदुस्थानात होता. खाणकामगारांच्या मुलखातला हा साधा शिपाई. अधिकाऱ्यांच्या आठवणींनी कपाटे भरली आहेत. शिपायाने लिहिलेले पुस्तक विरळा, म्हणून १९३६ मधील त्याचे ‘ओल्ड सोल्जर साहिब’ मोलाचे ठरते. वर्षानुवर्षे नीट वागलेली माणसे देवळालीच्या मुक्कामात कशी बिघडत याचे वर्णन त्याने केले आहे. काम नाही म्हणून दारू, दारू पिऊन शिक्षा, कोणाला गुप्तरोग जडलेला, कोणी विचित्र वागू लागलेला. अशा माणसाविषयी सोबती म्हणत की याला ‘डूलाली टॅप’ झाला.

७/
‘डूलाली’ म्हणजे गोऱ्या जिभेवरची देवळाली आणि ‘टॅप’ म्हणजे आपला ताप. देवळालीचा ताप. पुढे ताप गळून पडला आणि ‘डूलाली’ एवढाच शब्द ‘डोके फिरलेला’ या अर्थाने इंग्रजी बोलीत स्थिरावला. तो आजही वापरात आहे. देवळालीत वेड्यांचे प्रचंड इस्पितळ होते म्हणून शब्द आला, अशी एक कहाणी हौसेने सांगितली जाते. पण या शब्दाला इस्पितळाची गरज नाही, थांबणे पुरेसे आहे. बीबीसीच्या ‘इट एन्ट हाफ हॉट मम’ (१९७४–८१) या विनोदी मालिकेचे सुरुवातीचे भाग देवळालीच्या तोफखाना डेपोतच घडतात. तिथेही गंमत तीच : युद्ध दूर आहे आणि माणसांना दिवस घालवायचा आहे.

८/
आता या शिपायाच्या एकटेपणाचे स्वरूप पाहू. ब्रिटिश सैन्यात साध्या शिपायाला लग्नासाठी वरिष्ठांची परवानगी लागे आणि ती शंभरातील मोजक्यांनाच मिळे. परवानगी असेल तर बायकोला बराकीत जागा, शिधा आणि जहाजातून प्रवास. परवानगीविना लग्न केले तर सैन्याच्या लेखी ती बायको अस्तित्वातच नसे. म्हणजे हजारो तरुण पुरुषांना वर्षानुवर्षे अविवाहित ठेवायचे हे धोरण आधी ठरले होते, आणि त्यातून जी गरज निर्माण होईल ती भागवायची कशी, याचा हिशेबही सरकारने मांडला होता.

९/
तो हिशेब असा. १८६४ च्या छावणी कायद्याने छावणीच्या हद्दीतील वेश्याव्यवसायावर सरकारी नियंत्रण आले. १८६८ मध्ये सांसर्गिक रोगांचा कायदा झाला. पलटणीच्या बाजारालगत ज्या वस्त्या उभ्या राहिल्या त्यांना ‘लाल बाजार’ म्हणत. तेथील स्त्रियांची नोंद होई, त्यांना तिकीट दिले जाई, ठरावीक दिवशी सक्तीची वैद्यकीय तपासणी होई आणि रोग आढळल्यास ‘लॉक हॉस्पिटल’ नावाच्या इस्पितळात त्यांना अडकवून ठेवले जाई. शिपायाची अशी तपासणी करणे मात्र त्याच्या मानाला धक्का देणारे समजले गेले. रोग दोघांना होई, तिकीट एकीलाच मिळे.

१०/
१७ जून १८८६ रोजी हिंदुस्थानच्या सैन्याच्या क्वार्टरमास्टर जनरलच्या कार्यालयातून एक परिपत्रक निघाले. सरसेनापती होते सर फ्रेडरिक रॉबर्ट्स. परिपत्रकाचा आशय असा की पलटणींच्या बाजारांत स्त्रियांची संख्या पुरेशी असावी, त्या पुरेशा आकर्षक असतील याची काळजी घ्यावी, त्यांना योग्य घरे असावीत आणि स्वच्छतेची साधने असावीत. भाषा अगदी कोठारातल्या मालाच्या यादीची. दाणागोटा, खोगिरे, कंदील आणि आकर्षक स्त्रिया. काही पलटणींच्या अधिकाऱ्यांनी त्यानंतर अधिक संख्येने, अधिक तरुण आणि अधिक देखण्या स्त्रिया मिळाव्यात, अशी लेखी मागणीही केली.

११/
हे कागद १८८८ मध्ये इंग्लंडमध्ये फुटले तेव्हा गदारोळ झाला. त्याच वर्षी जूनमध्ये हाउस ऑफ कॉमन्सने या व्यवस्थेविरुद्ध ठराव केला. व्यवस्था कागदावर रद्द झाली, प्रत्यक्षात चालू राहिली. ती चालू असल्याचे एलिझाबेथ अँड्र्यू आणि कॅथरीन बुशनेल या दोन अमेरिकन स्त्रियांनी उत्तर हिंदुस्थानातील छावण्यांत स्वतः फिरून, स्त्रियांशी बोलून उघड केले. रॉबर्ट्सने आधी त्यांना खोटे ठरवले, आणि १८९३ मध्ये पुरावा समोर आल्यावर माफी मागितली. माफी या दोन बाईंची मागितली गेली. ज्यांच्या तिकिटांची ही गोष्ट होती त्या स्त्रियांची माफी कोणी मागितल्याचे दिसत नाही.

१२/
एवढे विषयांतर कशासाठी? मोबाइलवरील जाहिरातीच्या तीन अटी या छावणीत आधीच पूर्ण झालेल्या दिसतात म्हणून. पहिली, वाट पाहत बसलेला पुरुष. दुसरी, त्याच्या वाट पाहण्यातून कोणाचा तरी कारभार चालणे. तिसरी, ‘पुरेशी आकर्षक’ एवढ्याच वर्णनावर हजर केलेली, नाव नसलेली स्त्री. छावणीत फक्त एक गोष्ट नव्हती : छापील आमंत्रण. ते इंग्लंडमध्ये केव्हाच सुरू झाले होते.

१३/
१९ जुलै १६९५. लंडनमध्ये जॉन हॉटन नावाचा औषधविक्रेता शेती आणि व्यापारविषयक पत्रक काढत असे. त्यात एका गृहस्थाची जाहिरात छापली गेली : वय सुमारे तीस, मालमत्ता उत्तम असल्याचे तो स्वतःच सांगतो, आणि तीन हजार पौंडांच्या आसपास संपत्ती असलेल्या तरुण कुलीन स्त्रीशी विवाह करू इच्छितो. सोबतीच्या छापील जाहिरातींतील ही सर्वांत जुन्यांपैकी एक. मालमत्ता आहे असे ‘तो सांगतो’, ही हॉटनने ठेवलेली मेख लक्षात घ्यावी. छापणाऱ्याने पहिल्या दिवसापासून जबाबदारी झटकलेली आहे. अटी-शर्तींच्या बारीक अक्षरांचा हा मूळ पुरुष.

१४/
या जाहिरातींना लोक हसत आणि वाचतही असत. हसण्याची किंमत कोण मोजतो, हे १८२७ मध्ये कळले. सफकमधील पोलस्टेड गावच्या विल्यम कॉर्डर याने मारिया मार्टेन या आपल्या प्रेयसीचा खून करून तिला एका कोठारात पुरले आणि लंडनला जाऊन वृत्तपत्रांत ‘बायको पाहिजे’ अशी जाहिरात दिली. आपण सुस्वभावी, एकाकी आणि संपन्न असल्याचे त्याने भासवले. उत्तरे शंभराच्या आसपास आली. त्यातून त्याने मेरी मूर नावाच्या स्त्रीशी लग्न केले. पुढच्या वर्षी प्रेत सापडले आणि ऑगस्ट १८२८ मध्ये त्याला फाशी झाली.

१५/
खरी मेख पुढेच आहे. जाहिरातीला आलेली उत्तरे एका कागदविक्रेत्याच्या दुकानात जमा होत आणि पुष्कळशी पत्रे कॉर्डरने नेलीच नव्हती. खटला गाजताच त्या दुकानदाराने ती पत्रे पुस्तकरूपाने छापून विकली. कोणी निराधार, कोणी सावत्र घरात अडकलेली, कोणी केवळ जिज्ञासू. अशा स्त्रियांनी विश्वासाने लिहिलेले खासगी शब्द लंडनच्या करमणुकीचा माल झाले. २०१५ च्या ऑगस्टमध्ये ‘अ‍ॅशली मॅडिसन’ या विवाहबाह्य संबंधांच्या संकेतस्थळाची कोट्यवधी खाती उघड्यावर आली आणि जगभर लोकांनी त्यात ओळखीची नावे शोधली, तेव्हा नवे असे काही घडले नव्हते. दुकान मोठे झाले होते, एवढेच.

१६/
महाराष्ट्रात या व्यवहाराचे पहिले ठसठशीत चित्र वृत्तपत्रात नव्हे, रंगभूमीवर सापडते. गोविंद बल्लाळ देवलांचे ‘संगीत शारदा’ १८९९ चे. जख्ख म्हातारा श्रीमंत भुजंगनाथ, पैशाला भुललेला बाप कांचनभट आणि दोघांच्या मध्ये लग्न जुळवून देणारा भद्रेश्वर दीक्षित. आज आपण ज्याला खोटे प्रोफाइल म्हणतो ते भद्रेश्वराने तोंडी तयार केले आहे : म्हाताऱ्याचे वय खाली, श्रीमंती वर. देवलांनी प्रेक्षकांना हसवले ते भुजंगनाथाच्या बोहल्यावर चढण्याच्या हौसेला. भद्रेश्वराची दलाली मात्र हसण्यावारी नेलेली नाही. (१९२९ च्या बालविवाहविरोधी ‘शारदा कायद्या’चे नाव या नाटकावरून आले, असा समज अजूनही भेटतो. ते नाव हरविलास सारडा यांच्यावरून आले आहे.)

१७/
पुढे मराठी वृत्तपत्रांत ‘वर पाहिजे’, ‘वधू पाहिजे’ ही सदरे रुळली. शब्दामागे पैसे मोजावे लागत असल्याने एक वेगळीच आखूड मराठी तेथे जन्मली. जात-पोटजात आद्याक्षरांत, उंची आकड्यांत, पगार चार अंकी की पाच एवढाच, आणि मुलगी ‘गोरी, सडपातळ, गृहकृत्यदक्ष’. नाव नाही, बॉक्स नंबर. या भाषेची थट्टा पुष्कळ झाली आणि ती योग्यच होती. रंगाचे आणि जातीचे एवढे उघडेवाघडे बाजारभाव अन्यत्र क्वचित छापले गेले असतील. तरीही एक गोष्ट त्या सदराच्या बाजूने मांडली पाहिजे. त्या जाहिरातीमागे एक खरे घर असे. पैसे घरचे गेलेले असत, उत्तराला पोस्टाने पत्र येई, मग मध्यस्थ, चौकशी, कांदेपोहे. खोटेपणा चाले, पण खोटे बोलणाऱ्याला एक दिवस समोर बसावे लागे.

१८/
समोर बसण्याची ही अट पहिल्या महायुद्धात सुटली. खंदकातले शिपाई ‘एकटा शिपाई’ अशा सहीने इंग्रजी वृत्तपत्रांत पत्रमैत्रीच्या जाहिराती देऊ लागले. फ्रान्समध्ये १९१५ पासून शिपायांना पत्रे आणि भेटवस्तू पाठवणाऱ्या ‘युद्धमाता’ पुढे आल्या. मूळ हेतू देशभक्तीचा. थोड्याच दिवसांत थिल्लर मासिकांनी तो उचलला आणि जाहिरातींचे रकाने भरले. लष्करी अधिकाऱ्यांना वेगळीच धास्ती होती : पत्र लिहिणारी ही गोड स्त्री शत्रूची हेर असली तर? लंडनमध्ये १९१५ मध्येच आल्फ्रेड बॅरेट याने केवळ मैत्रीच्या जाहिरातींचे मासिक काढले. ते ‘द लिंक’ या नावाने गाजले. १९२१ मध्ये सार्वजनिक नीतिमत्ता बिघडवण्याच्या कटाबद्दल त्याला आणि आणखी तिघांना सक्तमजुरीची शिक्षा झाली. त्या मासिकातून समलिंगी पुरुषही एकमेकांना शोधत होते. इतर कोणताही रस्ता बंद असलेल्या माणसांना हा रकाना आधार वाटला होता, आणि पोलिसांनी नेमके तेच पुराव्यात धरले.

१९/
मग इंटरनेट. १९९० च्या दशकाच्या अखेरीस भारतीय विवाहसंकेतस्थळे आली. ती म्हणजे बव्हंशी ‘वधू पाहिजे’चे सदरच, फक्त छायाचित्रासह. मोबाइलवर उगवणारी ‘जवळच्या मुली’ची जाहिरात या घराण्यातली नाही. तिची कुळकथा २०१४ मधील एका अमेरिकी प्रकरणात स्वच्छ दिसते. जेडीआय डेटिंग ही इंग्लंडमधील कंपनी अठरा डेटिंग संकेतस्थळे चालवीत असे. फुकट नाव नोंदवताच माणसाला ‘जवळपास’ राहणाऱ्यांचे संदेश येऊ लागत. वाचून उत्तर द्यायचे तर पैसे भरा. संदेश पाठवणारी माणसे नव्हतीच. ती कंपनीनेच बनवलेली खोटी प्रोफाइले होती. त्यांना कंपनीच्या भाषेत ‘व्हर्च्युअल क्यूपिड’ म्हणत, आणि त्याची खूण म्हणून एक बारीकसे चिन्ह कोपऱ्यात असे. अमेरिकी व्यापार आयोगाच्या कारवाईनंतर कंपनीला ६,१६,१६५ डॉलर भरावे लागले.

२०/
म्हणजे येथे विकली जाते ती सोबत नव्हे. उत्तराची वाट पाहण्याची मुदत विकली जाते, महिन्याच्या हप्त्याने. जाहिरात लावणारा बहुधा मूळ कंपनीचाही नसतो. तो दलाल असतो. जो कोणी दुव्यावर बोट ठेवून नाव नोंदवेल त्याच्यामागे त्याला ठरावीक रक्कम मिळते. भद्रेश्वर दीक्षित, पण शारदेला किंवा भुजंगनाथाला कधीही न पाहिलेला.

२१/
या जाहिरातीत गावाचे नाव येते कसे, हा प्रश्न अनेकांना पडतो. आपले नाव-गाव कोणी हेरले, या शंकेने काही जण घाबरतातही. यंत्रणा तशी साधी आहे. इंटरनेटला जोडलेल्या प्रत्येक उपकरणाला एक आयपी पत्ता असतो आणि कोणता पत्ता साधारण कोणत्या शहराचा, याच्या तयार याद्या असतात. जाहिरातीच्या वाक्यात शहराच्या जागी रिकामी चौकट ठेवलेली असते. पान उघडताक्षणी यादीतले नाव त्यात बसते. मोबाइल नेटवर्कचा पुष्कळसा व्यवहार मोठ्या शहरातील केंद्रातून होत असल्याने देवळालीत बसलेल्याला ‘मुंबईतील मुली’ भेटतात, नाशिक रोडच्या घरच्या वायफायवर ‘नाशिक’. चौकट कधी भरलीच गेली नाही तर ‘तुमच्या शहर मध्ये’ असे अनाथ व्याकरण तेवढे उरते.

२२/
मराठी भाषांतराची गंमत स्वतंत्र धाग्याचा विषय आहे. एका शब्दाकडे मात्र थांबून पाहावे. ‘सिंगल’ या शब्दाला यंत्र मराठीत ‘एकल’ म्हणते, त्यामुळे जाहिरातीत ‘एकल महिला’ वाट पाहताना दिसतात. महाराष्ट्रात हा शब्द आधीच कामात आहे. विधवा, परित्यक्ता, घटस्फोटित अशा स्त्रियांसाठी कार्यकर्त्यांनी तो सन्मानाने रुजवला. करोनाच्या साथीत नवरे गेलेल्या स्त्रियांच्या पुनर्वसनाच्या मागण्या याच शब्दाने सरकारदरबारी गेल्या. निवेदनातला आणि जाहिरातीतला शब्द एकच आहे, हे यंत्राला ठाऊक असण्याचे कारण नाही. एखाद्या एकल महिलेच्या मुलाच्या मोबाइलवर ती जाहिरात येते तेव्हा त्याला मात्र ते ठाऊक असते.

२३/
आणि तो हसरा चेहरा कोणाचा? बहुधा इंटरनेटवरून उचललेला. २०१३ मध्ये फेसबुकवर एका डेटिंग संकेतस्थळाची जाहिरात झळकली. तिच्यात कॅनडातील एका सतरा वर्षांच्या मुलीचे छायाचित्र होते. लैंगिक अत्याचार आणि त्यानंतर झालेली ऑनलाइन बदनामी यांमुळे त्याच वर्षी एप्रिलमध्ये तिने जीव गमावला होता. तिचे प्रकरण देशभर गाजलेले होते. जाहिरात देणाऱ्याने छायाचित्र कोठून तरी सहज उचलले होते. तो चेहरा कोणाचा आहे हे पाहण्याची गरज त्याला वाटली नव्हती. चेहरा पुरेसा आकर्षक होता. फेसबुकने माफी मागून त्या जाहिरातदाराला काढून टाकले.

२४/
१८८६ चे परिपत्रक आणि २०१३ ची जाहिरात यांत कार्यकारण शोधू नये. तसे काही नाही. एका साम्राज्याने लेखी हुकूम काढला, दुसरीकडे कोणी तरी घाईत एक फोटो चिकटवला. लाल बाजारातील स्त्रिया प्रत्यक्ष बंदिस्त होत्या आणि त्यांचे हाल कोणत्याही जाहिरातीच्या तुलनेत बसत नाहीत. तरीही दोन्ही कागदांत एक रिकामी जागा सारखी आहे. पुरुष काय भोगतो याची नोंद होते : त्याचा ताप, त्याची फसवणूक, त्याचे भरलेले पैसे. देवळालीत कंटाळलेल्या शिपायाला इंग्रजी शब्दकोशात कायमची जागा मिळाली. छावणीच्या बाजारातील स्त्रीने त्या थांबण्याला काय नाव दिले होते, ते कोणत्याही कोशात नाही.

२५/
शेवटी पुन्हा छावणी. देवळाली भारतीय तोफखान्याच्या प्रशिक्षणाचे केंद्र आहे आणि स्वातंत्र्यानंतर गोऱ्या शिपायाच्या जागी देशभरातून आलेले जवान तेथे राहू लागले. घर दूर, कुटुंबाची जागा मर्यादित, संध्याकाळ मोठी. जुलै २०२० मध्ये भारतीय सैन्याने अधिकारी आणि जवानांना ८९ अ‍ॅप मोबाइलवरून काढून टाकण्याचा आदेश दिला. मुदत १५ जुलैची. यादीत फेसबुक आणि इन्स्टाग्रामबरोबर टिंडर, बंबल, हिंज, ओकेक्युपिड अशी डेटिंग अ‍ॅपची रांगच होती. कारण सुरक्षेचे : गोड बोलणाऱ्या अनोळखी खात्यांमागे शत्रूचे हेर असल्याची प्रकरणे उघड होत होती. खंदकातल्या शिपायाला येणाऱ्या पत्रांविषयी फ्रेंच अधिकाऱ्यांना जी धास्ती होती, तीच शंभर वर्षांनी नव्या यादीत उतरली.

२६/
एका अधिकाऱ्याने या आदेशाला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले. दूर नेमणुकीवर असताना परदेशातील कुटुंबाशी संपर्काचा धागा हेच माध्यम आहे, असे त्याचे म्हणणे होते. न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये याचिका फेटाळली. इतर मार्गांनी संपर्क साधता येतो, असे सांगितले. हुकूम अ‍ॅपपुरता होता. बातमीच्या पानावर, क्रिकेटच्या धावफलकाशेजारी उगवणाऱ्या जाहिरातीला तो लागू होत नाही. लाम रोडवरच्या चहाच्या टपरीवर बसलेल्या मुलाला तर तो मुळीच लागू नाही. त्याने कोपऱ्यातील फुली दाबली की जाहिरात विचारते, का नको? पर्याय येतात : ‘रस नाही’, ‘वारंवार दिसते’, ‘मजकूर झाकला जातो’. तो ‘वारंवार दिसते’वर बोट ठेवतो. तीन दिवसांनी ती परत येते, या वेळी अंतर एक किलोमीटर.

#इतिहास #देवळाली #मराठीधागा